कोठाराआधीचे शेत



अन्नदानाचा विषय निघाला की जैन समाजात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाह श्रेष्ठींचे स्मरण होते. तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांनी आधीच साठवून ठेवलेले धान्य भुकेल्यांना खुले केले. मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर महाराष्ट्राला घरचेच. बहामनी राजवटीत त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा कीर्तनांतून आजही ऐकू येते. दोन्ही कथांच्या मध्यभागी कोठार आहे. पण कोठारात येण्यापूर्वी धान्य शेतात पिकावे लागते, आणि आजची खरी चिंता त्या शेताची आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी माणसे भुकेली होती. वनस्पतींपासून मानवजातीला जी ऊर्जा मिळते, तिचा निम्म्याच्या आसपास भाग तांदूळ, गहू व मका या तीनच धान्यांतून येतो. हा डोलारा किती नाजूक आहे ते मार्च २०२२ मध्ये दिसले. ऐन दाणा भरण्याच्या वेळी उत्तर भारतात उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा बारीक राहिला, आणि १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. काही राज्यांत शिधावाटपातला गहू कमी करून त्याजागी तांदूळ देण्यात आला.

याउलट मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीची रीत पाहावी. पावसाळा सरता सरता तेथे शाळू पेरला जातो आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो पोसतो. मोहोळच्या केंद्रात निवडलेली ‘मालदांडी’ ही जात अशाच कोरडवाहू शेतीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. या ज्वारीच्या सोबतीला करडई, हरभरा, जवस असे. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागे. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला. जीवदयेचे कार्य करणाऱ्या पांजरपोळांना कडब्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

मग ही रीत मागे का पडली? उजनीचे पाणी आले, ऊस आला. उसाला गाळपाची व दराची जशी हमी, तशी ज्वारीला नाही. शिधावाटपाच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागले. शिवाय शाळूची ताटे हाताने उपटावी लागतात, पाखरे राखावी लागतात, मजूर मिळेनात. शेतकऱ्याला दोष देणे येथे अन्यायाचे होईल. परिणाम मात्र विपरीत झाला आहे: गरिबाची म्हणून ओळखली जाणारी भाकरी अलीकडे पोळीहून महाग पडू लागली आहे.

ज्वारी म्हणजे सर्व रोगांवरचे औषध, असा समजही नको. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने माढा, मोहोळ भागांतील शेते पाण्याखाली गेली. तेथे कोणतेच उभे पीक टिकले नाही. अवकाळी पावसाने कणसातला दाणा काळा पडतो. म्हणूनच एका धान्याची जागा दुसऱ्या एकाच धान्याने घेऊन भागणार नाही. शेतात आणि ताटात अनेक धान्ये हवीत.

भरडधान्यांच्या प्रसारात एक अडचण नेहमी सांगितली जाते: बाजरीचे पीठ लवकर कडू होते, ते पाकिटात महिनोन्महिने टिकत नाही. कारखानदाराला ही उणीव वाटते. श्रावकाच्या स्वयंपाकघराला नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, असे मानून ताजे दळणाऱ्या घरांनी ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या आधीच सोडविलेली आहे. खेद एवढाच की त्याच समाजाच्या लग्नपंगतीत आणि भोजनशाळांत आता भाकरी क्वचितच दिसते.

धर्मादाय संस्थांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. भोजनशाळा, वसतिगृह आणि पांजरपोळ मिळून वर्षाला किती ज्वारी, हरभरा व कडबा लागेल याचा हिशोब एका कागदावर बसतो. तो शेतकऱ्याच्या हाती सुगीनंतर पडून उपयोग नाही, पेरणीपूर्वी पडावा. शाळूची पेरणी भाद्रपद-आश्विनात होते. पर्युषण आणि दशलक्षण पर्वांत दानाचे संकल्प जाहीर होतात, तोही नेमका हाच काळ. त्या संकल्पांतच ठरावीक दराने धान्य व कडबा उचलण्याची हमी आली, तर चाड्यावर मूठ धरताना कोरडवाहू शेतकऱ्याला आपला माल कोठे जाणार हे ठाऊक असेल.