ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामातलं काहीतरी सांगायला सांगितलं आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, मिरचीचे व्यापारी आहेत. माझं शहाद्यात गॅरेज आहे आणि जुन्या जीपगाड्या हे माझं काम. तेव्हा मी ब्रेकबद्दल बोलणार, आणि तेही एकाच तक्रारीबद्दल. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, ब्रेक कधी लागस, कधी लागत नही."

ब्रेक पूर्ण गेला असेल तर काम सोपं असतं. तेल कुठून गळतं ते दिसतं, किट बदलायचं, हवा काढायची, झालं. पण 'कधी कधी'वाली गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की तिचा ब्रेक उत्तम लागतो. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "काही नाही, गाडी ओके आहे." ड्रायव्हरलाही ते ऐकून बरं वाटतं. माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे. कारण ती गाडी तिथून सपाट रस्त्यावर जात नाही, सातपुड्यात जाते.

तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोईचा घाट. वर पाड्यापाड्यांतून माणसं बाजाराला आणि दवाखान्यात आणायची तर वर्षानुवर्षं जीपच. महिंद्राने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे ३बी, एमएम ५४०, कमांडर अशा गाड्या आल्या आणि आपल्या डोंगरात राबल्या. अगदी जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन असते. ती एका ठिकाणी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो.

आता विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून थोडं गणित करतो. माणसांसह २००० किलोची जीप तोरणमाळहून ८०० मीटर खाली उतरली असं धरू. त्या उतारात जी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात साधारण ५० लिटर पाणी उकळेल. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर यातली बहुतेक उष्णता चार ड्रममध्ये जाते. नवं डॉट ३ ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळलं की वाफ होते. सरांनी पास्कलचा नियम शिकवला होता, बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. वाफ मात्र दबते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत जातच नाही. गाडी खाली येऊन थांबते, तेल निवतं, वाफेचं पुन्हा तेल होतं आणि ब्रेक पहिल्यासारखा लागतो. मग गॅरेजमध्ये काय सापडणार?

म्हणून मी पान्हा हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो. गाडी थंड असताना होतं की घाट उतरल्यावर? पेडल मऊ लागतं की दगडासारखं कडक? पहिल्या दाबात खाली जाऊन दुसऱ्या दाबात वर येतं का? त्याआधी नदी-नाल्यातून गाडी काढली होती का? गाडी एका बाजूला ओढते का?

उत्तरं ऐकली की अर्धं काम होतं. घाटानंतर पेडल मऊ पडतं, तर तेल जुनं आहे. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर लाइनर तापून गुळगुळीत झालेत किंवा हाउसिंगच्या सीलमधून तेल येऊन भिजलेत. बूस्टर असलेल्या गाडीत तोही बघावा लागतो. दुसऱ्या दाबात वर येतं, तर लाइनर आणि ड्रममध्ये अंतर वाढलंय, सेटिंग करायला हवी. नाला ओलांडल्यावर होतं, तर ड्रममध्ये पाणी आहे. थोडं अंतर हलका ब्रेक दाबत गेलं की सुकतं. आणि एकच चाक धरून ठेवतं, तापतं, थोड्या वेळाने मोकळं होतं, तर रबरी होस पाइप आतून फुगलाय का ते बघायचं. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो. तेल चाकाकडे जातं, पण परत यायला अडतं.

एक गाडी सांगतो. धडगावकडची सवारी जीप, दोन-तीन ठिकाणी फिरून माझ्याकडे आली होती. लाइनर नवे, तेल नवं, हवा काढलेली. कुठे गळती नाही, टाकीतली पातळीही कमी होत नव्हती. जोरात ब्रेक मारला की चारही चाकं जागच्या जागी. मालक म्हणत होता, ड्रायव्हर घाबरट आहे, दुसरा ठेवतो. ड्रायव्हर गप्प उभा होता. मी त्याला म्हटलं, "दादा, उतारात तुझा पाय कसा असतो ते मला दाखव."

तो सीटवर बसला आणि पेडलवर पाय हलकाच ठेवून धरून राहिला. घाटात माणूस असाच ब्रेक धरतो. अर्ध्या मिनिटात पेडल हळूहळू खाली जायला लागलं आणि पत्र्याला टेकलं.

दोष मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरात होता. जोरात दाबलं की ते रबर फुगून सिलिंडरला घट्ट बसायचं आणि ब्रेक लागायचा. हलकं धरलं की तेल त्याच्या कडेने मागे सरकून टाकीतच जायचं. म्हणून बाहेर थेंब नाही आणि पातळीही तेवढीच. सगळ्यांनी तपासणी जोरात पाय मारून केली होती आणि त्या तपासणीत ही गाडी कायम पास होणार होती. सिलिंडर खोलला तर आत गंजाचे खड्डे पडले होते. नुसतं किट घालून भागलं नसतं, म्हणून सिलिंडरच नवा बसवला. मालकाला मी एवढंच सांगितलं की ड्रायव्हर बदलू नका, तुमच्या गाडीचा आजार फक्त त्यालाच कळला होता.

तेव्हापासून माझ्या पोरांना एक नियम घालून दिलाय. तक्रार जिथे येते ती परिस्थिती उभी करायची. गाडी तापवायची, वजन टाकायचं, ड्रायव्हर दाबतो तसाच ब्रेक दाबायचा. आणि तरीही दोष सापडला नाही, तर 'ओके' म्हणायचं नाही. 'अजून सापडलं नाही, घाटात सवारी नेऊ नका' असं सांगायचं. गिऱ्हाईक चिडतं, दोन दिवसांचा धंदा बुडाला म्हणतं. चिडू द्यावं.

उद्या आपल्यातले बरेचजण गाड्या घेऊन तोरणमाळला जाणार आहेत. निघण्याआधी प्रत्येकाने इंजिन चालू करून ब्रेक हलका दाबून एक मिनिट धरून ठेवा. पेडल सुरुवातीला जिथे थांबेल तिथून खाली सरकता कामा नये. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. कुणाचं पेडल खाली गेलं, तर ती गाडी इथेच ठेवा आणि माझ्या जीपमध्ये बसा. जागा आहे.