सत्तेतील क्षय, उदयातील क्षय
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्य परिसंवादातील भाषण)



मी वैद्यक शिकलेलो नाही. कापडाचा व्यापारी आहे. तरीही या विषयावर बोलण्यास उभा राहिलो, कारण आपल्या शिबिरात 'रक्त तपासून क्षय आहे का ते सांगा' अशी मागणी वारंवार होते, आणि अशाच एका अहवालाचा विपरीत अर्थ लावल्यामुळे आपल्या समाजातील एका मुलीचा ठरलेला विवाह मोडला. तिला ना खोकला, ना ताप. छातीचा एक्स-रेही निर्दोष होता. परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी केलेल्या तपासणीत रक्ताचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, एवढेच.

कर्मसिद्धान्त आपणांस परिचित आहे. बांधलेले कर्म तत्काळ फळ देत नाही. अबाधाकाळात ते सत्तेत पडून राहते, पुढे उदयास येते. क्षयाच्या जंतूचेही असेच आहे. (हा केवळ दृष्टान्त. रुग्णाच्या माथी पूर्वकर्माचा दोष मारण्यासाठी कृपया कोणी तो वापरू नये.) श्वासावाटे शिरलेल्या जंतूला बहुतेकांचे शरीर कोंडून ठेवते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांत अशी लागण आढळली. म्हणजे या सभागृहातही अनेकजण असतील! त्यांपैकी शेकडा ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. सुप्त लागण असलेल्यापासून दुसऱ्याला संसर्ग होत नाही.

मग रक्त काय सांगते? जुन्या मांटू चाचणीत हातावर सुई टोचून गाठ मोजतात; परंतु बीसीजी लसीमुळेही ती उठू शकते. नवीन 'इग्रा' चाचणीत ईसॅट-६ व सीएफपी-१० ही जंतूची प्रथिने रक्तात मिसळतात. ती बीसीजीच्या जंतूत नसतात. रक्तपेशींची त्यांच्याशी पूर्वओळख असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि ते मोजले जाते. परंतु खतावणीत एखाद्याचे नाव आहे, यावरून आज त्याच्याकडे बाकी आहे असे कोणता मुनीम म्हणेल? चाचणी ओळख सांगते, बाकी सांगत नाही. उलट प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात प्रत्यक्ष रोग असूनही ती 'निगेटिव्ह' येऊ शकते. क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याज्य ठरवली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली.

सत्ता आणि उदय यांतील भेद रक्तावरून कळावा, यासाठी संशोधन मात्र जोमाने चालू आहे. २०१० मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्रिय रुग्णांच्या रक्तात ३९३ जनुकीय संदेशांचा विशिष्ट नमुना आढळला. उपचारानंतर तो मावळत गेला. सुप्त लागणीच्या काही व्यक्तींतही तो दिसला. बहुधा त्यांचा उदय जवळ आला असावा. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे काम जीबीपी-५, डीयूएसपी-३ व केएलएफ-२ या तीन जनुकांवर आणले, आणि बोटाच्या थेंबभर रक्तावर ते मोजणारे यंत्रही चाचण्यांत अजमावले गेले. अडचण अशी की विषाणूजन्य तापातही इंटरफेरॉनमुळे असेच संदेश वाढतात. प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठरवलेला किमान निकष होता तो १०० रुग्णांतील ९० पकडण्याचा आणि १०० निरोगींतील ७० सोडण्याचा. उरलेल्या ३० निरोगींवर त्या रात्री काय ओढवेल, हे मोडलेल्या विवाहावरून ओळखावे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना अशी की शिबिरात सरसकट रक्तचाचणीवर पैसा खर्चू नये. एक्स-रेची गाडी आणावी. त्याच राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले, त्यांना लक्षणे जाणवतच नव्हती. संशयितांची थुंकी सीबीनॅट वा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ती विनामूल्य होते. रुग्णाच्या घरातील मंडळींना रोग नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध द्यावे. त्यातील एका पद्धतीत आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे ते घ्यावे लागते. उदयापूर्वीच निर्जरा म्हणा ना!

आणि अन्न. झारखंडमध्ये झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ व डाळ दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आपल्या चौक्यात निषिद्ध असे त्या शिध्यात काहीच नव्हते. २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून संस्थांना रुग्ण दत्तक घेता येतात. सुवर्णमहोत्सवी निधीतून आपल्या तालुक्यातील रुग्णांचा व त्यांच्या घरच्यांचा सहा महिन्यांचा शिधा देण्याचा ठराव याच सभेत मांडण्याची अध्यक्ष महोदयांनी अनुमती द्यावी. पहिल्या पाच कुटुंबांचा भार मी उचलतो.