पुलाखालून दिसलेला पूल

मी गोदीतला माणूस, शिक्षण मॅट्रिक. चित्रावर बोल म्हणालात, तर एकाच चित्रावर बोलतो. जुन्या पुस्तकातलं हे पान, हातोहात फिरवा, फाडू नका.

हा व्हिसलर. चित्राचं नाव 'नॉक्टर्न : ब्लू अँड गोल्ड – ओल्ड बॅटरसी ब्रिज'. लंडनची थेम्स नदी, १८७२ ते ७५ च्या सुमाराची रात्र. आहे काय त्यात? निळा काळोख. लाकडी पुलाचा एकच खांब, वर आडवी पट्टी, तिच्यावर माणसांचे पुसट डाग. लांब आतषबाजीचे सोनेरी ठिपके. खाली नावेत एक जण उभा. त्याला तोंडच नाही.

१८७८ साली हे चित्र कोर्टात दाखवलं गेलं. रस्किन ह्या बड्या समीक्षकाने व्हिसलरचं रात्रीचंच दुसरं चित्र म्हणजे रंगाची फेकाफेक ठरवली होती, वर दोनशे गिनी मागतो म्हणून हिणवलं होतं. व्हिसलरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. जज्जाने विचारलं, पुलावर ही माणसंच ना? तुम्हाला वाटेल ते, असं साहेबाचं उत्तर. खटला जिंकला; भरपाई एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! पुढच्या साली दिवाळं.

मलाही आधी रागच आला. माणसाचा डाग करतो काय साला! मग खांबाकडे बघत बसलो. खरा पूल एवढा उंच नव्हता, ह्याने तो ताणलाय. जपानी हिरोशिगेच्या छापचित्रांतल्या पुलांवरून हे त्याने उचललं, ते खरं. पण रातपाळीला जहाजाच्या पोटात उतरून वर बघा. हॅचचं तोंड आभाळाएवढं लांब जातं आणि काठावरचा मुकादम नुसता डाग होतो. हे चित्र पुलावरून जाणाऱ्याचं नाही, पुलाखालच्याचं आहे. रात्रीचा तो जडपणा अंगावर येतो तो एकट्या खांबामुळे. सगळे खांब मोजून काढले असते तर नुसता देखावा झाला असता.

आणि व्हिसलरला पाण्यावर नेलं कुणी? ग्रीव्ह्ज भावांनी, नावाड्याच्या पोरांनी. रात्री ते वल्ही मारायचे, हा बघून डोक्यात साठवायचा, मग घरी पातळ रंगाचे लांब हात ओढायचा. त्यातला वॉल्टर स्वतः चित्रकार. 'हॅमरस्मिथ ब्रिज ऑन बोट रेस डे' हे त्याचं. त्या पुलावर माणसं खच्चून भरलीत, वरपर्यंत चढलीत, आणि डाग म्हणून कुणालाच सोडलेलं नाही. हा वॉल्टर १९३० साली धर्मादाय आश्रमात वारला.

दोन्ही चित्रं लंडनच्या टेटच्या संग्रहात आहेत. मला ती एका भिंतीवर शेजारी शेजारी बघायची आहेत.