मॅजेस्टिकच्या दाराशीं

गिरगांवांतून जातांना मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपाशीं माझें पाऊल अजूनही क्षणभर थबकतें. नव्या पिढीला तें केवळ एका बाजाराचें नांव वाटतें. परंतु त्या जागीं एके काळीं मॅजेस्टिक सिनेमा उभा होता, आणि हिंदुस्थानचा पहिला बोलपट प्रथम बोलला तो त्याच्याच छपराखालीं.

तो दिवस १४ मार्च १९३१ चा. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' त्या दिवशीं तेथें लागला. तोंपर्यंत चित्रपट मुका होता. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ज्याला वाचतां येई तो शेजाऱ्याला वाचून दाखवी, आणि पडद्यापुढें बसलेले वादक पेटी-तबला वाजवीत. ही सारी व्यवस्था आतां पालटली. 'आलम आरा'चें चित्रीकरण पुष्कळसें रात्रीं झालें. कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात, आणि चित्र व आवाज एकाच वेळीं टिपले जात असल्यामुळें गाडीची घरघरही फितींत उतरली असती. नायक होता मूकपटांत गाजलेला आपला मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. पहिल्या दिवशीं पोलिसांना गर्दी आवरावी लागली आणि चार आण्यांचें तिकीट चार-पांच रुपयांना विकलें गेलें, असें सांगतात.

आमचे आजोबा त्या गर्दींत होते. 'आलम आरा पाहिलेले गृहस्थ' अशी आमच्या चाळींत त्यांची ख्याति होती. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं गॅलरींत बसून ते ती हकीकत सांगत, आणि आम्ही मुलें दुसऱ्या दिवशीं शाळेंत तीच हकीकत तिखटमीठ लावून सांगत असूं. १९६० च्या सुमारास त्यांनीं मला प्रथम मॅजेस्टिकमध्यें नेलें. बोलक्या चित्रपटाचें नवल तेव्हां कोणालाच उरलें नव्हतें. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नें १९३२ सालींच बोलपटाला मराठी बोलावयास लावलें होतें. खुर्च्या कुरकुरत होत्या, पण आजोबा मात्र देवळांत शिरावें तसे आंत शिरले.

१९७० नंतरच्या दशकांत ती वास्तु पाडली गेली. पाडकाम चाललें असतां आजोबा म्हणाले, "मला तेथें घेऊन चल." अर्धवट उरलेल्या भिंतीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, मी त्या दिवशीं आंत गेलोंच नव्हतों. खिशांत चार आणेच होते. दाराशीं उभा राहून कान लावला. गाण्याचा एक सूर तेवढा ऐकूं आला. म्हटलें, गर्दी ओसरली कीं पाहूं. पुढें नोकरी लागली, संसार वाढला, आणि राहूनच गेलें."

मला राग आला नाहीं. तो सूर कसा होता, एवढें विचारावें असें मात्र ओठांवर आलें होतें. घरीं जाऊन निवांतपणें विचारूं, असें मीं मनांत म्हटलें. तेंही राहूनच गेलें.

आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाहीं. छायाचित्रें आहेत, जाहिराती आहेत. परंतु ज्या आवाजासाठीं तो गाजला, तो आवाज लोपला आहे. चित्रपट जतन करण्यासाठीं पुण्यास सरकारी संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, म्हणजे तब्बल तेहेतीस वर्षांनीं. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या एका तरुणानें जें ऐकलें, तेंही आतां तुम्हां-आम्हांला कधीं ऐकतां यावयाचें नाहीं.

श्रोतेहो, आपल्याही घरांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची अशी हकीकत 'मग ऐकूं' म्हणून राहिली असेल. हें भाषण संपतांच त्यांच्याजवळ जाऊन बसावें, एवढीच विनंती.