खाणावळीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की यंदा वर्धापनदिनाला तुम्ही ‘मुंबईची हॉटेले आणि खाद्यमहोत्सव’ या विषयावर बोला, तेव्हा मला हसूच आले. मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या हॉटेलात आयुष्यात मोजून चार वेळा गेले असेन, आणि त्यातही एकदा मागच्या दाराने. पण चूल मात्र मला पाठ आहे. तेव्हा आज तुम्हालाही मी मागच्या दारानेच नेते, म्हणजे जिथे रांधतात तिथून. चुकलेमाकले पदरात घ्या.

माझे माहेर लालबागचे. चाळीत दहा बाय बाराची एक खोली. वडील गिरणीत, आणि आईची खाणावळ. बावीस माणसे आमच्याकडे जेवायला होती. सगळे गडी कोकणातले नाहीतर घाटावरचे. बायकामुले गावी, आणि इथे एका गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहायचे. आई पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवी. पहिल्या पाळीचे डबे भोंग्याच्या आत गेले पाहिजेत, दुसऱ्या पाळीचे दुपारी, आणि रातपाळीवाला सकाळी घरी आला की त्याच्यापुढे गरम भाकरी पाहिजे. सोमवारी शाकाहार, बुधवारी मासळी, रविवारी मटण. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला गावचे कुळथाचे पिठले लागते, हे आईच्या डोक्यात असे. लिहून ठेवी ती एकच गोष्ट. एका लांबट वहीत प्रत्येकाचे नाव, त्याचे खाडे, आणि पगार झाल्यावर येणारे पैसे. खाडे म्हणजे गडी गावी गेला की जेवणाचे जे दिवस चुकतात ते. तेवढे पैसे ती वजा करी.

मैत्रिणींनो, मुंबईचे हॉटेल कुठून सुरू झाले, असे मला कुणी विचारले तर मी हेच सांगेन. या शहरात पुरुष एकटा आला आणि त्याला जेवायला पाहिजे होते. कुणी इराण्याकडे बनमस्का आणि चहावर भागवले; धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे आहे. दादरला मामा काण्यांनी १९१० साली उपहारगृह काढले. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ मध्ये उडुपी पद्धतीचे जेवण केळीच्या पानावर वाढायला सुरुवात केली. बायकांनी हॉटेलात जायची रीत नव्हती. गेल्याच, तर इराण्याच्या हॉटेलात ‘फॅमिली रूम’ म्हणून आडोसा असे, तिथे बसायचे. या सगळ्या ठिकाणी पुढे पाटी असे, गल्ल्यावर मालक असे, आणि भटारखान्यात आचारीही पुरुषच. गिरणगावच्या खाणावळीत मात्र रांधणारी, वाढणारी, हिशेब ठेवणारी एकच बाई. हजारो माणसे त्या बायकांनी जेवू घातली. पण कुणाच्या दारावर पाटी नव्हती.

आणि पैशाचे हाल किती! वाण्याकडे उधारी, सावकाराचे व्याज, आणि जेवणाऱ्याचा पैसा महिन्याने येणार. प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिले. त्यांनी १९७५ साली अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. आपल्या मंडळाने दर वर्धापनदिनाला त्यांची आठवण काढावी असे मला वाटते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. पण आई सांगते, पहिले तीन महिने तिने सगळ्यांना तसेच जेवू घातले. “चालू झाला की देतील,” म्हणायची. मग एकेक जण गावी जाऊ लागला. जाताना पाया पडून जाई, “मावशी, पुढच्या महिन्यात पाठवतो,” म्हणून. पुष्कळ गिरण्या पुढे चालू झाल्याच नाहीत. आईच्या वहीत १,८४० रुपये येणे राहिले, ते आजतागायत राहिलेच. तिने कुणाला बोल लावला नाही. पुढे ती ऑफिसच्या लोकांचे डबे करू लागली. मी सातवीत होते तेव्हा भाताचा टोप उतरवताना पेजेने तिचा हात भाजला. परीक्षा दिली आणि मी ओट्याशी उभी राहिले. आठवीचा वर्ग मी पाहिला नाही.

आता आजचे सांगते. लग्न होऊन मी इकडे डोंबिवलीला आले. तिकडे गिरण्यांच्या जागी मॉल आले आणि हॉटेले आली. लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात २०१५ साली बॉम्बे कँटीन निघाले. त्यात मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत नाव काढलेले शेफ फ्लॉइड कार्डोज होते. २०२० साली करोनाने ते गेले. आपलेच देशी धान्य, आपल्याच हंगामी भाज्या नव्या तऱ्हेने मांडायच्या, अशी त्यांची रीत. हल्ली अशी हॉटेले पुष्कळ झाली. आमच्या लहानपणी हॉटेलात जायचे ते घरी मिळत नाही ते खायला. आता लोक नाचणीची भाकरी आणि रानभाजी खायला हॉटेलात जातात.

आचाऱ्याला मानही आला. १९९३ साली टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि घरोघर ‘शेफ’ हा शब्द आला. हे चांगलेच झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० साली, आपल्या कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले होते. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला, आणि पुस्तकावर त्यांचे स्वतःचे नाव होते. हे नाव असण्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. ते कसे, ते ऐका.

हल्ली वर्षभर कसले ना कसले खाद्यमहोत्सव असतात. थंडीत उंधियू आणि पोंक, कोळीवाड्यांतले मासळीचे महोत्सव, बचतगटांचे महालक्ष्मी सरस. रमजानमध्ये महंमद अली रोडला रात्रभर मालपुवे तळतात. उन्हाळ्यात आंबा. आणि पावसाळ्यात रानभाज्या. २०२० सालापासून राज्याचे कृषी खाते जिल्ह्याजिल्ह्यांत ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवते.

तीन वर्षांपूर्वी जूनअखेरीस आपल्याच गावात असा एक लहान महोत्सव भरला आणि आपल्या मंडळाने स्टॉल घेतला, तुम्हाला आठवत असेलच. मी शेवळाची भाजी केली होती. शेवळे म्हणजे पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. वरचे पान काढायचे, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे. आणि काकडाची फळे त्यात पडलीच पाहिजेत, नाहीतर घसा असा खाजतो की खाणारा जन्मभर नाव काढतो! दोन तासांत पातेले रिकामे झाले.

एका मोठ्या हॉटेलचे शेफ तिथे आले होते. त्यांनी भाजी खाल्ली, कौतुक केले आणि म्हणाले, “काकू, आमच्याकडे पावसाळी जेवणाचा सप्ताह आहे. तुम्ही येऊन आमच्या मुलांना शिकवाल का?” मला आकाश ठेंगणे झाले. आमच्या ह्यांनी नवी साडी आणली. दोन दिवस मी त्यांच्या भटारखान्यात, मागच्या दाराने, उभी राहून शिकवले. शेवटी त्यांनी मला शाल आणि श्रीफळ दिले, फोटो काढले. मी खुशीत घरी आले.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीने मला त्या हॉटेलचे जेवणाचे कार्ड मोबाइलवर दाखवले. शेवळाची भाजी, एका वाटीला ६५० रुपये, आणि खाली त्या शेफचे नाव. माझे नाव कुठेच नव्हते. येण्याजाण्याचे भाडेसुद्धा माझेच गेले होते.

मी आईकडे गेले आणि रडले. आई आता पंचाहत्तरीची आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पैसे बुडाले म्हणून रडतेस? माझेही बुडाले. पण माझ्याकडे वही होती. कुणाकडे किती आहे ते मला ठाऊक होते. तू तर किती घेणार ते सांगितलेच नाहीस. मग बुडाले काय?”

मैत्रिणींनो, हे माझ्या मनाला फार लागले. मी मागितलेच नव्हते. आपल्याला वाटते, स्वयंपाक काय, घरातला, त्याचे कसले पैसे मागायचे. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका हॉटेलचे बोलावणे आले, तेव्हा मी फोनवरच सांगितले, दोन दिवसांचे अमुक रुपये आणि कार्डावर नाव. सांगताना हात कापत होता. पलीकडचा माणूस म्हणाला, “हो, चालेल.” एवढेच! इतके सोपे होते ते.

इथे माझे भाषण संपले असते तर बरे दिसले असते. पण अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला मला लाज वाटते.

शेवळे मला कुणी शिकवली? आमच्या आईला ती ठाऊकच नव्हती. डोंबिवली स्टेशनबाहेर मुरबाडकडून येणारी एक ठाकूर समाजाची मावशी पावसाळ्यात बसते. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात तिनेच मला शेवळे कशी निवडायची, काकड किती घालायचे, सगळे रस्त्यावर बसून दाखवले. टाकळा कोवळा असतानाच घे, कुर्डूची देठे टाकून दे, हेही तिचेच. पंचवीस वर्षे मी तिच्याकडून भाजी घेते आहे, आणि पंचवीस वर्षे जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करते आहे. आपल्या स्टॉलवर तिचे नाव होते का? नव्हते. ती पहाटे रानात जाऊन शेवळे काढते, गाडीत उभी राहून येते, आणि कार्डावर नाव नाही म्हणून रुसले मी!

यंदा जूनमध्ये मी तिच्याजवळ बसले आणि हे सगळे तिला सांगितले. ती हसली. म्हणाली, “ताई, नावाचं काय करू? भाव कर बरोबर.” मग मी म्हटले, “आणि स्टॉलवर येशील का आमच्या?” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “दिवसाचं काय देशील?” बघा, तिला मागता येते! मला जे शिकायला चाळीस वर्षे लागली, ते तिला येतच होते. आम्ही विचारले नव्हते इतकेच.

म्हणून मंडळापुढे माझी विनंती आहे. यापुढे आपण महोत्सवात स्टॉल घेऊ तेव्हा रानभाजी आणणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी, आणि विक्रीतही तिचा वाटा असावा. प्रत्येक पातेल्यापुढे ते रांधणारीचे नाव लिहावे, आणि जिच्याकडून शिकलो तिची हरकत नसेल तर तिचेही. आणि मंडळाने एक वही घालावी. कुणी कुठे रांधले, किती ठरले, किती मिळाले, किती राहिले. आईची जुनी वही मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. तिच्या शेवटी वीस-पंचवीस पाने कोरी आहेत. आई म्हणाली, “नवी कशाला विकत घेता, हीच वापरा.”

अध्यक्षाबाईंनी परवानगी दिली तर पहिले नाव त्या मुरबाडच्या मावशीचे लिहू.