पंतप्रधान या शब्दाचे कुळ



देशाच्या मुख्य कारभाऱ्यास हिंदी भाषिक ‘प्रधानमंत्री’ म्हणतात. आपण मराठी माणसे ‘पंतप्रधान’ म्हणतो. या शब्दामागे पेशवेपद उभे आहे. हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. अमुक घराण्याकडे पेशव्यांची सनद होती, तमुकाकडे दफ्तर होते, अशी बोलणी आपल्या पंक्तीत रंगतात आणि ‘ते पद मुळात आमच्याच लोकांचे’ येथपर्यंत जाऊन थांबतात. ते कोणाचे होते, हे जुन्नरकरांनी तरी नीट पाहावे.

‘पेशवा’ हा फारसी शब्द. अर्थ पुढारी, अग्रेसर. मलिक अहमदाने 1490 मध्ये जुन्नर येथे स्वतंत्र निजामशाही उभारली. पुढे राजधानी अहमदनगरास गेली. या राज्यात सुलतानाच्या मुख्य कारभाऱ्यास पेशवा म्हणत. चंगेजखान नावाच्या अशाच एका पेशव्याने एक हबशी गुलाम विकत घेतला होता. तोच मलिक अंबर. आफ्रिकेत जन्मलेला, बाजारांतून हातोहात विकला गेलेला हा पुरुष पुढे स्वतः निजामशाहीचा पेशवा झाला, आणि 1607 च्या सुमारास त्याने राजधानी पुन्हा आपल्या जुन्नरात आणली. त्याच्याच हाताखाली शहाजीराजे 1624 मध्ये भातवडीस लढले. अंबर 1626 मध्ये वारला. चारच वर्षांनी, 1630 मध्ये, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

शिवरायांनी हे पद ठेवले, पण त्याचा पाया बदलला. 1674 च्या राज्याभिषेकात फारसी नावाच्या जागी ‘मुख्य प्रधान’ हे नाव आले, आणि मोरोपंत पिंगळे त्या आसनावर होते. प्रधानास रोख वेतन. पद वतन म्हणून मुलास मिळावे असा हक्क नाही. मोरोपंत केवळ कागदाचे कारभारी नव्हते, साल्हेरचे रणही त्यांनी पाहिले होते. तरीही त्यांच्या मागे पद पिंगळ्यांच्याच घरात राहिले. महाराजांचा नियम असा लवकर सैल पडला. जिंजीस राजाराम महाराजांनी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्मिले, तेव्हा तर पेशवा मानाने एक पायरी खालीच गेला.

मग त्यास एवढे सामर्थ्य आले कोठून? श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांकडून. आपल्या शेजारच्या खेड येथे 1707 मध्ये धनाजी जाधव शाहू महाराजांस मिळाले, तेव्हापासून बाळाजींचा उत्कर्ष दिसतो. 1713 मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडले. शाहू महाराजांनी बाळाजींस पेशवाई दिली, आणि बाळाजींनी आंग्र्यांशी लढाई न करता तह केला. 1719 मध्ये ते दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, येसूबाईसाहेबही सुटून आल्या. पदाने बाळाजी मोठे झाले नाहीत, बाळाजींनी पद मोठे केले, असे आमचे मत आहे. त्यांच्या शिक्क्यात मात्र आधी शाहू नरपतींचे नाव असे, मागून ‘मुख्य प्रधान’.

1720 मध्ये बाळाजी वारले आणि विशीसही न पोहोचलेल्या बाजीरावांस वस्त्रे मिळाली. दरबारात प्रतिनिधींचा विरोध होता. निवड उत्तम ठरली, हे खरे. पण ते दैव म्हणावे लागेल. (इंग्लंडचा पहिला मुख्य प्रधान मानला जाणारा वॉलपोल 1721 मध्ये सत्तेवर आला, तेथेही त्या पदाचा वेगळा कायदा नव्हता.) त्यांचे बंधू चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेथून आणलेली घंटा भीमाशंकरी आहे, आंबेगावकरांनी ती पाहिली असेलच. पण 1774 मध्ये काय झाले? सवाई माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय होते चाळीस दिवस! कारभार नाना फडणिसांनी व बारभाईंनी पाहिला. ज्या पदावर गुलामगिरीतून आलेला माणूस कर्तृत्वाने चढला होता, ते आता पाळण्यात निजले होते. 1818 मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला, आणि पेशवेपद संपले.

शब्द मात्र उरला. आज पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात. परंतु राज्यघटनेच्या 75 व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. हबशी, देशस्थ, कोकणस्थ, ज्यांनी ज्यांनी हे पद भूषविले, त्यांस जाब विचारणारे एकच घर असे, राजाचे. आता तो विचारणारे घर लोकसभा, आणि तिच्यातील एक खासदार जुन्नर व आंबेगाव ज्यात मोडतात त्या शिरूर मतदारसंघातून, आपल्याच मतांवर जातो.