व्यसनमुक्ती केंद्राची नोंदवही



व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढणाऱ्या माणसाच्या मनातला पहिला प्रश्न औषधाविषयी क्वचितच असतो. ‘हे बाहेर कोणाला कळणार नाही ना?’ एवढेच त्याला विचारावयाचे असते. आजार उघड होण्याचा संकोच क्षयरोग्यालाही वाटतो. परंतु दारूच्या वा गर्दच्या आहारी गेलेल्या माणसाच्या नोंदीत त्याची नोकरी, मुलीची सोयरीक आणि प्रसंगी तुरुंगही दडलेला असतो. म्हणून ही नोंद गुप्त राखणे हा निव्वळ सौजन्याचा नव्हे, तर उपचाराचाच भाग होय.

या तत्त्वाची कसोटी १९७२ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात लागली. हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन हे औषध देऊन सावरण्याचा मोठा कार्यक्रम तेथे चालू होता. डॉ. रॉबर्ट न्यूमन हे त्याचे प्रमुख. एका खुनाच्या तपासात साक्षीदाराने सांगितले की, मारेकऱ्याला केंद्राच्या प्रतीक्षागृहात पाहिले आहे. तेव्हा २१ ते ३५ वर्षे वयाच्या सर्व कृष्णवर्णीय पुरुष रुग्णांची छायाचित्रे मागण्यात आली. खुनी सापडू नये असे कोणाला वाटेल? परंतु त्या एकासाठी कित्येक निरपराध रुग्णांचे चेहरे तपासाच्या टेबलावर मांडले जाणार होते. आणि ही वार्ता पसरल्यावर दुसऱ्या दिवशी औषधाला कोण आले असते? न्यूमन यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ३० दिवसांची कैद सुनावली गेली. अखेर १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने संघीय कायद्याने दिलेले गोपनीयतेचे संरक्षण ग्राह्य धरून त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

मद्यपींच्या नोंदींना १९७० च्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनींच्या नोंदींना १९७२ च्या कायद्याने तेथे संरक्षण मिळाले होते. त्यांचे तपशीलवार नियम १९७५ साली आले. अमुक गृहस्थ येथे उपचार घेतात, एवढे सांगण्यासही या नियमांनी मनाई केली. रुग्णाची लेखी संमती हवी. नुसत्या समन्सावर कागद देता येत नाही, न्यायालयाचा खास आदेश लागतो. प्राणावर बेतले असता डॉक्टरांना माहिती देता येते. बालकाच्या छळाची सूचना आणि केंद्रातच घडलेला गुन्हा हेही अपवाद आहेत. मात्र ही तटबंदी इतकी भक्कम झाली की, दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरलाही रुग्ण कोणते औषध घेतो हे कळेना. ही तक्रार अनाठायी नव्हती. २०२४ साली नियम सुधारले गेले आणि उपचारासाठी वारंवार संमती घेण्याची गरज उरली नाही. रुग्णाविरुद्ध खटल्यात मात्र संमतीवाचून वा न्यायालयीन आदेशावाचून त्या नोंदी आजही वापरता येत नाहीत.

आपल्याकडे हे संरक्षण मुख्यतः मानसिक आरोग्याच्या कायद्यातून मिळते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. कलम २४ ने त्याचे छायाचित्र संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली. आपल्या घरांत पत्नी किंवा आई हीच बहुधा रुग्णाला घेऊन येते, हे ध्यानी घेता रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आवश्यक ती माहिती देण्याची तरतूद योग्यच म्हटली पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४अ तर व्यसनीला आणखी एक आधार देते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर तो खटल्यापासून मुक्त राहू शकतो. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत जाऊ शकते. म्हणजे जी नोंद बाहेर फुटल्यास रुग्णाचा घात करते, तीच प्रसंगी त्याची ढालही ठरते. ती अचूक असावी आणि कुलुपातही असावी.

कायद्याची कलमे कितीही नेटकी असली तरी गुपित फुटते ते बहुधा बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर. नाव मोठ्याने पुकारले जाते, नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असते. रजेच्या दाखल्याची गोष्ट तर विशेष आहे. आजाराचे नाव लिहिण्याचे डॉक्टर कटाक्षाने टाळतात, आणि खाली रबरी शिक्का उमटतो तो ‘व्यसनमुक्ती केंद्र’ या ठसठशीत अक्षरांचा! कचेरीतील कारकुनाला मग आणखी काय सांगायचे उरते? केंद्र एखाद्या रुग्णालयाचा विभाग असेल, तर त्या दाखल्याला रुग्णालयाचा शिक्का पुरेसा आहे.